वाचलेल्या माणसाचा दावा

मोटार अपघाताच्या दाव्यांत मृताचा दावा सोपा आणि जखमीचा अवघड, हे कोर्टात नव्याने आलेल्या वकिलाला वर्षभरात कळून चुकते. बाहेरच्या माणसाला ते उलटे वाटते. माणूस गेला म्हणजे नुकसान मोठे, तेव्हा कज्जाही मोठा असणार, असा त्याचा हिशेब असतो. पण मृत्यूचा दाखला एकदाच निघतो आणि त्यावर उलटतपासणी होत नाही. जखमीला मात्र आपण किती मोडलो हे पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते : डॉक्टरांपुढे, विमा कंपनीने पाठवलेल्या तपासनिसापुढे, शेवटी न्यायाधीशांपुढे. तो कुबड्या न घेता कोर्टाची पायरी चढला तर ‘चालता येतं की यांना’ असे म्हटले जाते. आला नाही तर तारीख पुढे जाते. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. म्हणजे एका मृतामागे अडीचहून जास्त जखमी. हे पुस्तक या दुसऱ्या आकड्यातल्या माणसांसाठी आहे.

आपल्याकडचा नुकसानभरपाईचा कायदा मृत्यूवर उभा राहिला. १८५५ मध्ये इंग्रज सरकारने प्राणांतिक अपघातांचा कायदा केला आणि दुसऱ्याच्या चुकीने मेलेल्या माणसाच्या वारसांना भरपाई मागण्याची वाट मोकळी करून दिली. त्यात जखमीचा विचार नव्हता. त्याने इंग्लंडहून आलेल्या तत्त्वांच्या आधारे साधा दिवाणी दावा लावायचा, मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी भरायची आणि वाट पाहायची. मोटारी आल्यावर १९१४ मध्ये पहिला देशव्यापी मोटार कायदा झाला, पण त्याचे लक्ष परवाने आणि नोंदणीवर होते. १९३९ च्या कायद्यात विम्याचे प्रकरण आले, आणि ते अमलात यायला १ जुलै १९४६ उजाडला. त्या दिवसापासून रस्त्यावर आणलेल्या वाहनाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा, म्हणजे आपण ज्याला ‘थर्ड पार्टी’ म्हणतो तो, विमा सक्तीचा झाला. दहा वर्षांनी, १९५६ च्या दुरुस्तीने, दावे न्यायाधिकरण नावाचे स्वतंत्र व्यासपीठ निघाले. जिल्हा न्यायालयाच्याच इमारतीत भरणारे, बहुधा जिल्हा न्यायाधीशच चालवणारे, पण कोर्ट फीच्या आणि दिवाणी प्रक्रियेच्या ओझ्यातून बरेचसे सुटलेले असे हे न्यायाधिकरण. आजही लोक ‘क्लेम टाकला’ म्हणतात तो इथेच.

यानंतरची जवळजवळ सगळी वैचारिक लढाई एका प्रश्नाभोवती फिरते : भरपाईसाठी चालकाची चूक दाखवावीच लागेल का? या प्रश्नात मुंबईचा वाटा मोठा आहे. विमा सक्तीचा केला तो जखमीला पैसे मिळावेत म्हणून, तेव्हा चुकीचा पुरावा मागत बसण्यात काय हशील, अशा अर्थाचा कल मुंबई उच्च न्यायालयाने घेतला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये मिनू मेहता खटल्यात तो खोडून काढला. निष्काळजीपणा सिद्ध केल्याखेरीज भरपाई नाही, हा जुना नियम कायम राहिला. पण दोनच वर्षांत त्याच न्यायालयातून न्या. कृष्ण अय्यर चुकीवर न अवलंबणाऱ्या भरपाईची निकड बोलून दाखवू लागले. हरियाणातल्या एका गरीब विधवेला कोर्ट फी माफ होऊ नये म्हणून राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, त्या प्रकरणात त्यांनी सरकारला सुनावलेले शब्द वकिलांच्या अजून तोंडी आहेत. संसदेने १९८२ मध्ये अर्धे पाऊल टाकले. चूक कोणाचीही असो, मृत्यूला १५,००० आणि कायमच्या अपंगत्वाला ७,५०० रुपये. त्या काळीही ही रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व मान्य झाले होते.

१९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि त्याने हे आकडे वाढवले. १९९४ मध्ये वय आणि उत्पन्न पाहून थेट रक्कम काढता येईल असे कोष्टक कायद्याला जोडले गेले. कल्पना चांगली होती, पण कोष्टक करणाऱ्यांनी साधे गुणाकार नीट केले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाला १९९६ च्या निकालात त्यातल्या चुकांची यादीच द्यावी लागली. वर्षाला ४०,००० रुपयांच्या वर उत्पन्न असलेल्यांना ते लागू नव्हते, आणि ही मर्यादा पुढची दोन दशकांहून जास्त काळ कोणी हलवली नाही. २०१९ च्या दुरुस्तीने ते कोष्टक गेले. त्या जागी कलम १६४ आले : मृत्यूला पाच लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चुकीचा प्रश्न नाही. न्यूझीलंडने १९७४ पासून चुकीचा प्रश्नच काढून टाकला आणि सरकारी निधीतून जखमीला उपचार व उत्पन्न देण्याची व्यवस्था लावली. आपण त्या वाटेवर निघालो आहोत, पण पन्नास वर्षांत फार पुढे आलेलो नाही. चुकीवर आधारलेला कलम १६६ चा दावा आणि चुकीविना ठरावीक रक्कम, या दोन्ही वाटा आपल्याकडे शेजारी शेजारी चालतात, आणि कोणती धरायची हे जखमीला ठरवावे लागते. इथे एक खड्डा आहे. कलम १६४ ची रक्कम विमा कंपनीशी होणाऱ्या तडजोडीच्या प्रक्रियेतून स्वीकारली की न्यायाधिकरणातला मोठा दावा संपतो. हाड मोडले की कायद्याने ती गंभीर दुखापत. अडीच लाख हातात पडतील या आशेने घाईत सही करणाऱ्या, मांडीत रॉड बसलेल्या तरुणाचे नुकसान अडीच लाखांच्या कितीतरी पट असू शकते.

रक्कम काढण्याची पद्धत हा या क्षेत्राचा दुसरा मोठा प्रवाह, आणि त्यातही पहिली मापे मृतांसाठी कापली गेली. वर्षाला किती कमावत होता, त्यातून स्वतःवर किती खर्च करत होता, उरलेले किती वर्षे घराला मिळाले असते : याला गुणक पद्धत म्हणतात. ती इंग्लंडमधून आली, १९९४ च्या निकालसंग्रहात छापलेल्या सुसम्मा थॉमस निकालाने इथे पक्की झाली, आणि २००९ च्या सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणक ठरवून दिले. पंचविशीपर्यंत १८, तिशीपर्यंत १७, छत्तिसाव्या वर्षापासून चाळिशीपर्यंत १५, आणि असे उतरत पासष्टीनंतर ५. २०१७ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या पीठाने प्रणय सेठी खटल्यात भविष्यातल्या वाढीचे टक्के ठरवले. चाळिशीच्या आतला स्वतंत्र व्यवसाय करणारा असेल तर उत्पन्नात ४० टक्के, कायम नोकरीतला असेल तर ५० टक्के मिळवायचे. सरला वर्मा आणि प्रणय सेठी हे दोन निकाल म्हणजे या कोर्टाची बाराखडी. पण दोन्ही मृत्यूचे. जखमीला हे किती लागू, यावर न्यायाधिकरणे बराच काळ आपापल्या मर्जीने चालत होती.

जखमीचे स्वतःचे म्हणावे असे शास्त्र उभे राहिले ते राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालापासून. तो २०११ च्या निकालसंग्रहात छापला गेला आणि माझ्या मते या विषयावर एकच निकाल वाचायचा असेल तर तो वाचावा. त्यातला मुद्दा सरळ आहे. दाखल्यावर लिहिलेले अपंगत्वाचे टक्के आणि कमाईचे गेलेले टक्के ही एकच गोष्ट नाही. डावा हात तुटला तर वैद्यकीय दृष्ट्या अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास असेल. तो माणूस सुतार किंवा ड्रायव्हर असेल तर त्याची कमाई जवळजवळ संपूर्ण बुडाली. सरकारी कचेरीतला कारकून असेल तर नोकरी शाबूत राहू शकते. शिवाय दाखल्यातले ४५ टक्के हे एका पायाचे आहेत की पूर्ण शरीराचे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून न्यायाधिकरणाने नुसता कागद न स्वीकारता डॉक्टरांना साक्षीला बोलवावे, आणि बोलावल्यावर त्यांना ताटकळत ठेवू नये, असेही न्यायालयाने सांगितले.

या फरकाची किंमत रुपयांत पाहू. बत्तीस वर्षांचा सेंट्रिंग कामगार, महिना १५,००० कमाई. वर्षाचे १,८०,०००, त्यात भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरून २,५२,०००. वय बत्तीस म्हणजे गुणक १६. त्याच्या गुडघ्याच्या दुखापतीचे दाखल्यावर १० टक्के आले आणि न्यायाधिकरणाने तेच उचलले, तर कमाईच्या नुकसानीपोटी ४,०३,२०० रुपये. पण परांची चढता येत नाही, उकिडवे बसता येत नाही, ओझे उचलता येत नाही, हे डॉक्टरांच्या आणि मुकादमाच्या साक्षीतून नीट आले आणि कमाईचे नुकसान ४० टक्के ठरले, तर तीच रक्कम १६,१२,८०० होते. बारा लाखांचा हा फरक एका साक्षीवर ठरतो. आणि मृताच्या दाव्यात स्वतःवरच्या खर्चापोटी तिसरा-चौथा हिस्सा कापला जातो, तसा जखमीच्या दाव्यात कापायचा नसतो, कारण तो जिवंत आहे आणि त्याला जेवायचे आहे. हे सांगावे लागते, कारण अजूनही कधी कधी कापला जातो.

राजकुमार निकालानंतरच्या दशकात जखमीचा कायदा वेगाने पुढे गेला. मजूर, हमाल, कुली यांच्याकडे पगारपत्रक नसतेच, म्हणून त्यांनी सांगितलेली वाजवी कमाई मान्य करावी, असे २०११ मध्ये रामचंद्रप्पा निकालाने सांगितले. दोन्ही हात निकामी झालेल्या सुताराला २०१८ मध्ये भविष्यातल्या वाढीचा लाभ मिळाला, आणि हा लाभ जखमींनाही मिळायलाच हवा हे २०२० मध्ये हात गमावलेल्या एका डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या प्रकरणात ठामपणे नोंदवले गेले. त्याच वर्षी, बाराव्या वर्षी मेंदूला इजा होऊन जन्मभरासाठी परावलंबी झालेल्या मुलीला सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ६२ लाख रुपये दिले, आणि तिची देखभाल करणाऱ्यांचा खर्चही गुणक लावून काढला. आई करते, बहीण करते, म्हणून तो खर्च शून्य धरायची पद्धत होती. घर सांभाळणाऱ्या गृहिणीच्या श्रमाची किंमत धरायला न्यायालये २००१ पासून शिकत आली आहेत. २०२१ मध्ये तिच्या कामालाही भविष्यातली वाढ लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये सांगितले की जखमीला त्याच्या मेडिक्लेममधून मिळालेले पैसे उपचारखर्चाच्या भरपाईतून वजा करायचे नाहीत. हप्ते त्याने भरले, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का?

विमा कंपनी देणार की गाडीमालक, या प्रश्नाने पानेच्या पाने खाल्ली आहेत आणि त्यातला बराच भाग मी या पुस्तकात मुद्दाम आटोपता घेतला. महाराष्ट्राच्या खेड्यांत मात्र एक गोष्ट माहीत असायलाच हवी. मालवाहू टेंपोत बसून वऱ्हाड निघते, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जत्रेला गाव निघतो, आणि उसाच्या मोळ्यांवर तोडणीची माणसे झोपलेली असतात. मालवाहू वाहनात फुकट बसलेल्या प्रवाशाला थर्ड पार्टी विम्याचे संरक्षण नाही. मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस असेल तर आहे. कायद्याच्या शब्दांतच तसे आहे. मग भरपाई मागायची ती त्या टेंपोवाल्याकडून, ज्याच्याकडे कर्जाच्या हप्त्याखेरीज काही नसते. परवान्यातल्या दोषांच्या बाबतीत न्यायालये जास्त उदार झाली आहेत. चालकाकडे योग्य परवाना नसला तरी कंपनीने आधी जखमीला द्यावे आणि नंतर मालकाकडून वसूल करावे, ही वाट २००४ च्या स्वर्णसिंग निकालाने रुळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींनी हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात हजार किलोपर्यंतचे व्यापारी वाहन चालवता येते हे पक्के केल्याने कंपन्यांचा एक आवडता बचाव गेला. एसटीची गोष्ट वेगळी. सरकारी परिवहन महामंडळांना विम्याऐवजी स्वतःचा निधी ठेवण्याची मुभा कायद्यात आहे, त्यामुळे तिथे समोर विमा कंपनी नसते, महामंडळ स्वतःच असते.

हे पुस्तक आताच का, याचे उत्तर १ एप्रिल २०२२ या तारखेत आहे. त्या दिवशी २०१९ च्या दुरुस्तीतले भरपाईचे प्रकरण अमलात आले आणि दोन गोष्टी एकदम बदलल्या. एक, दावा दाखल करायला सहा महिन्यांची मुदत आली. १९९४ पासून अशी मुदत नव्हती, आणि ‘आधी बरा होऊ दे, मग बघू’ हे घराघरांतले धोरण चालून जात होते. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण त्याच्या भरवशावर कोणी बसू नये. दोन, पोलिसांवर जास्त ठोस जबाबदारी आली. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. दिल्लीत उच्च न्यायालयाच्या आदेशांतून ही पद्धत आधी रुजली होती. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये देशभरच्या पोलिस ठाण्यांत यासाठी वेगळी पथके नेमायला सांगितले. ठाण्याठाण्यांत हे अजून सारखे उतरलेले नाही. त्यामुळे या अहवालांची नावे घेऊन मागणी करणारा नातेवाईक आणि ‘साहेब, काय असेल ते बघा’ म्हणणारा नातेवाईक यांच्या फायलींत आजही जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मे २०२५ पासून उपचारांचीही केंद्रीय योजना आली आहे : नेमलेल्या रुग्णालयात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख न भरता. धडक देऊन पळालेल्या वाहनाचा पत्ता लागला नाही तर मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० मिळतात, आणि तो अर्ज कोर्टात करायचा नसतो; प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा असतो.

२०१९ च्या दुरुस्तीने आणखी एक बदल केला, ज्याची चर्चा कमी झाली. पूर्वी जखमी दावेदार खटला चालू असताना दुसऱ्याच कारणाने वारला तर त्याच्या शरीराच्या नुकसानीचा दावा त्याच्याबरोबर जायचा. आता तो वारसांकडे येतो, मृत्यूचे कारण काहीही असो. दीडशेहून अधिक वर्षांच्या या कायद्याने जखमीला मृताच्या बरोबरीला आणले ते इतक्या उशिरा.

आता पुस्तकाविषयी. माझा अनुभव असा की दाव्याचे यश वकील नेमण्याच्या बरेच आधी, पहिल्या आठवड्यात ठरते, आणि ते ठरवणारे लोक कायदा जाणणारे नसतात : १०८ रुग्णवाहिकेतून नेणारा, एमएलसीच्या (मेडिको-लीगल केसच्या) नोंदीत ‘पडून जखम’ लिहिणारा निवासी डॉक्टर, पंचनाम्यात ब्रेकच्या खुणांचे माप न घेणारा हवालदार, औषधांच्या पावत्या टाकून देणारा भाऊ. कायदा जखमीकडे आता बऱ्यापैकी कनवाळूपणे पाहतो. फौजदारी खटल्यासारखा संशयातीत पुरावा तो मागत नाही, एफआयआर उशिरा झाला एवढ्यावरून दावा फेकत नाही. पण कागदच नसेल तर कनवाळू न्यायाधीशही हतबल होतो. म्हणून या पुस्तकात निकालांपेक्षा कागदांना जास्त पाने दिली आहेत, आणि निकालांत मृत्यूच्या दाव्यांपेक्षा दुखापतीच्या दाव्यांना. ऊसतोडीला गेलेल्या बीडच्या जोडप्याला कर्नाटकात अपघात झाला तर बीडमध्येच दावा लावता येतो, ही एक ओळ माहीत नसल्याने सोडून दिलेले दावे मी पाहिले आहेत. अशा ओळी शोधून ठळक केल्या आहेत.

काही गोष्टी कडवट वाटतील. सिव्हिलच्या वॉर्डात ‘तुम्ही काही करू नका, टक्केवारीवर काम’ म्हणत फिरणाऱ्या माणसांबद्दल मी स्पष्ट लिहिले आहे. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलाला मनाई आहे, आणि जो वकीलही नाही त्याला तर काहीच अधिकार नाही. गाडी बदलून, चालक बदलून केलेल्या खोट्या दाव्यांनी खऱ्या जखमींचे किती वाटोळे केले, हेही आले आहे. प्रत्येक खोट्या दाव्यागणिक कंपन्यांचे वकील खऱ्या माणसाला जास्त छळतात. लोकअदालतीवर माझे मत संमिश्र आहे. पैसे लवकर मिळतात हे खरे, पण तिथल्या तडजोडीवर अपील नाही. म्हणून अपंगत्वाचा दाखला हातात येण्याआधी तिथे बसू नये.

हे पुस्तक वकिलाची जागा घेत नाही. स्त्रिया, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो आणि त्याचा अर्ज तालुका न्यायालयातच करता येतो. ज्यांच्या घरात अपघात नुकताच झाला आहे त्यांनी इतिहासाची प्रकरणे आज वाचू नयेत. आधी कागदपत्रांचे प्रकरण वाचावे, पावत्या एका पिशवीत जमा करायला लागावे, आणि अपघाताची तारीख लिहून ठेवावी. सहा महिने तिथूनच मोजायचे आहेत.